कोतवाल बुकातला पणजोबा

पणजोबांचा शोध मी काही त्यांच्या आठवणीपोटी घेतला नाही. पुतणीला जातीचा दाखला हवा होता, एवढंच. २०२३च्या सप्टेंबरात मराठ्यांच्या कुणबी नोंदी तपासायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरतं असलेलं तिचं काम पुढे राज्यभर झालं आणि १९६७पूर्वीच्या कुणबी नोंदी शोधायला घरोघरची माणसं बाहेर पडली. आमच्या मुळशीतही तेच झालं. कालपर्यंत ज्यांना आज्याचं पुरतं नाव सांगता येत नव्हतं, ते पौडच्या चहाच्या टपरीवर उभे राहून खापरपणजोबांच्या नावातले काना-मात्रा तपासत होते.

या शोधात सगळ्यांची भिस्त कोतवाल बुकावर. हा गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, याची वर्दी कोतवालानं द्यायची आणि ती वहीत चढायची. जुनी पानं बहुतेक मोडीत. आम्ही एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांना गाठलं. कडा झडलेल्या पानाच्या छायाप्रतीवर त्यांनी भिंग धरलं, बोट ओळीओळीनं खाली आणलं आणि एका जागी थांबून वाचलं. पणजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, जात कुणबी, वय ४५, कारण ताप, तारीख नोव्हेंबर १९३१ची.

बरोबरचा चुलतभाऊ ‘कुणबी’ ऐकून खूश झाला. मी मात्र १९३१वर अडकलो. कारण आमच्या घरात चालत आलेल्या हकिकतीप्रमाणे पणजोबा गावात पाणी शिरलं त्याच दिवशी गेले होते. घर बुडताना बघितलं, उंबऱ्याकडे तोंड करून बसले आणि बसल्या जागी प्राण सोडला, असं आजोबा सांगत आणि वडीलही सांगत. पण मुळशीचं धरण पुरं झालं १९२७मध्ये. म्हणजे वहीप्रमाणे हा माणूस पाण्यानंतर चार वर्षं जगला होता. त्या चार वर्षांबद्दल घरात कुणी चकार शब्द काढलेला मला आठवत नाही.

आमच्या खोऱ्याची गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात आहे. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमापाशी टाटांच्या कंपनीला धरण बांधायचं होतं, मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची होती. इंग्रज सरकारनं भूसंपादनाचा कायदा लावला. पन्नासहून अधिक गावं आणि सुमारे अकरा हजार माणसं त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. मावळातली माणसं, बायाबापड्यांसकट, धरणाच्या कामावर जाऊन बसली. पुण्याहून पां. म. बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव अशी मंडळी आली. ‘जान किंवा जमीन’ ही तेव्हाची घोषणा. काम काही महिने थांबलं आणि डिसेंबरात पुन्हा सुरू झालं. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती इथेच. १९२४ साली लढा विझत आला तेव्हा त्यांनी रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे हमरस्ते आहेत.

पणजोबा पहिल्या उन्हाळ्यात त्या बसणाऱ्यांत होते, हे घरात सगळे अभिमानानं सांगतात. पण ज्या खाचरांसाठी ते बसले, त्या खाचरांवर कागदोपत्री नाव होतं पुण्यातल्या एका सावकाराचं. पणजोबा कूळ. पिकलेल्या आंबेमोहोराचा खंड घालायचा आणि उरेल त्यावर, नाहीतर वरकशीतल्या नाचणी-वरईवर वर्ष काढायचं. खोऱ्यात अशी घरं पुष्कळ होती. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावर लिहिलेल्या पुस्तकात ही गाठ उलगडून दाखवली आहे: सावकारांना जमिनीची चांगली किंमत हवी होती, कसणाऱ्यांना जमीन हवी होती. किंमत वाढवून मिळेल असं दिसल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या होणं अटळ होतं. आमच्या घराला भरपाईचं काय मिळालं, असं मी लहानपणी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, “सावकाराला इचार.”

वहीची छायाप्रत घेऊन मी थोरल्या आत्याकडे गेलो. वय पंच्याऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण बोलणं खणखणीत. तिचं बालपण पणजीच्या कुशीत गेलं होतं. मी तारीख वाचून दाखवली. तिला जराही नवल वाटलं नाही.

“मंग? पान्याच्या दिशी कुटं मेला त्यो? म्हातारी सांगायची की मला.”

“मग आजोबा असं का सांगायचे?”

“पोरगा व्हता त्यो. बापानं त्याच धरनावर डोईवर दगूड वाह्यले, त्ये त्याला सांगू वाटलं नसंल.”

तिनं ते इतक्या सहज सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं. काम पुन्हा सुरू झालं, पुढारी तुरुंगात गेले, सावकारानं पैसे उचलले आणि कसायला जमीन राहिली नाही. घरात खाणारी तोंडं सात. पणजोबा दोन उन्हाळे धरणाच्या मजुरीवर गेले. ज्या जागी अडवायला बसले होते, तिथेच रोजगार. पणजी त्यांना भाकरी घेऊन जायची, पण धरणाकडे पाठ करून बसायची, असं आत्या म्हणाली.

“आणि मग पाणी आल्यावर?”

“मंग काय, वर सरकलो. म्हाताऱ्यानं डोंगराच्या कडंला जागा धरली. दगडं काढली, बांध घातला, माती वाहिली. वरचं खाचर त्येचंच की रं.”

वरचं खाचर! आमच्याकडे आज भाताची म्हणून जी काही जमीन आहे, ती तेवढीच. तलावाच्या काठावरून वर चढत गेलं की एकाखाली एक तीन पायऱ्या, दगडी ताली, पावसात वरच्या ओहोळाचं पाणी फिरवून घेतलेलं. वैशाखात तिथे राब भाजतो, जेठात आवण टाकतो. हे खाचर आजोबांनी केलं असं मी समजून होतो, कारण तेच तिथे राबताना दिसत. आजोबांनीही ते कधी नाकारलं नाही आणि कबूलही केलं नाही.

त्या दिवशी खाचरात गेलो तेव्हा मी ताली पहिल्यांदाच नीट पाहिल्या. खालच्या तालीत मोठे दगड, वरच्यात लहान. पहिल्या वर्षी अंगात जोर असेल, पुढे ताप लागला असेल. पण हा माझा तर्क. वहीत फक्त ‘ताप’ आहे. पावसाळा सरताना येणारा हिवताप की आणखी काही, हे एका शब्दावरून कसं कळणार? भात कापणीला आलेलं असताना ते गेले, एवढं मात्र महिन्यावरून कळतं.

पणजोबांच्या अस्थी नव्या पाण्यातच सोडल्या. जुना संगम त्या पाण्याच्या तळाशी होता, म्हणून घरच्यांना तीच जागा योग्य वाटली. पूर्वी मुळेचं पाणी पुण्याला मुठेला भेटून भीमेकडे जायचं. तलावातलं पाणी मात्र बोगद्यातून सह्याद्रीचा कडा उतरून भिऱ्याच्या वीजघरात जातं आणि तिथून कुंडलिकेला मिळतं. हे मी आत्याला समजावून सांगितलं तर ती हसली. “जल्मात घाट उतरला न्हाई म्हातारा. मेल्याव कोकनात गेला.”

तारीख सापडल्यामुळे एक नवाच प्रश्न आला. आमच्याकडे पणजोबांची तिथी कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून त्यांचा म्हाळ सर्वपित्री अमावस्येला घालत आलो. आता जुनं पंचांग काढून तिथी लावता आली असती आणि पितृपक्षात त्या तिथीला पान वाढता आलं असतं. भावकीतल्या दोघांचा तसा आग्रह होता. आत्यानं तो मोडून काढला. “इतकी वर्सं अमावशेला येतोय. आता वार बदलला तर उपाशी जाईल.” तिच्यापुढे कुणी बोललं नाही.

पण त्या बोलण्यावरून मला दुसरंच सुचलं. श्राद्धात नावं तीन पिढ्यांची घेतात: बाप, आजा, पणजा. वडील गेल्यापासून ती मी घेतो, म्हणून पणजोबा अजून त्या यादीत आहेत. माझ्या मुलाच्या वेळी यादी माझ्यापासून सुरू होईल आणि आजोबांपाशी संपेल. पणजोबा वर निघून जातील. शास्त्राची सोय चांगली आहे, कुणावर अनंत पिढ्यांचं ओझं नको. पण या माणसाबद्दल आम्ही शंभर वर्षं जे बोललो त्यात त्यानं केलेलं एकही काम नव्हतं, होतं ते त्याचं उंबऱ्यावरचं मरण. आणि तेही घडलं नव्हतं. ते मरण आजोबांनी बापाची लाज झाकायला रचलं असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला सत्याग्रहात बसलेला बाप आणि धरणावर दगड वाहणारा बाप एकाच माणसात मावत नसेल. मला मात्र या वयात तो सहज मावतो. जमीन वाचवायला बसला तोच पोरांना जगवायला दगड वाहत होता, आणि ते झाल्यावर डोंगर फोडून त्यानं नवी जमीन केली. यात मला कुठे विसंगती दिसत नाही.

पुतणीच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्राला वंशावळ जोडावी लागली. सगळ्यात वर पणजोबांचं नाव, त्याखाली फाटे. सरकारी कागदात नावापुढे काही लिहायला जागा नसते. म्हणून घरासाठी मी वेगळी प्रत केली आणि ती देवघराशेजारच्या भिंतीवर लावली. पणजोबांच्या नावाखाली तिच्यात लिहिलं आहे: १९२१च्या सत्याग्रहात बसले. धरणावर मजुरी केली. वरचं खाचर यांनी केलं. १९३१ साली तापानं गेले.

मजुरीचं वाक्य खोडावं असं चुलतभावाचं म्हणणं आहे. मी ते ठेवलं आहे.