पगाराच्या चिठ्ठीतील दोनशे रुपये

२०२४ च्या जुलै महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात पाऊस आणि अर्ज एकदमच आले. तिकडे पंचगंगेचे पाणी चढत होते आणि इकडे व्हरांड्यात भगिनी कागदपत्रांच्या पिशव्या छातीशी धरून उभ्या होत्या. जूनअखेरीस राज्याच्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली होती. दरमहा १,५०० रुपये मिळणार होते. कुणाच्या रेशनकार्डावर माहेरचे नाव, आधारकार्डावर सासरचे. कुणाचे बँकखातेच बंद पडलेले. आमच्या युवकांनी चार संध्याकाळी बसून ते अर्ज भरून दिले.

त्यानंतरच्या एका रविवारी प्रवचनाच्या ओघात आम्ही एक वाक्य बोलून गेलो. शासनाकडून येणारा हा पैसा कर भरणाऱ्यांच्या घामाचा आहे, घेणाऱ्यांनी त्याची जाण ठेवावी, अशा आशयाचे ते होते. त्या वेळी आम्हांला ते फार समतोल वाटले. पुढच्या बाकांवरील काही मानाही डोलल्या.

मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर एक मावशी थांबल्या होत्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी एकुलता मुलगा वाढवला. तो शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत कंत्राटी कामगार आहे. "फादर, रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण माझ्या पोराच्या पगारातनं दर महिन्याला दोनशे रुपये कापत्यात. कशाचं, ते त्यो काय सांगत न्हाई. तुमी शिकलेली माणसं, तेवढं बघा की." आणि त्यांनी कमरेच्या पिशवीतून घडी घातलेली पगाराची चिठ्ठी काढली.

एकूण वेतन साडेबारा हजार. कपातीच्या रकान्यात भविष्यनिर्वाह निधीखाली 'व्य. कर २००' अशी नोंद होती. आम्ही ती वाचली आणि काही क्षण गप्पच राहिलो. व्यवसाय कर म्हणजे राज्य शासनाचा कर. ज्यांच्यासाठी दुसरे लोक कर भरतात असे आम्ही वेदीजवळून सांगितले होते, त्यांच्याच घरात तो भरला जात होता. "म्हंजे आमी बी भरतोय न्हवं मग?" मावशींनी विचारले. त्यांच्या स्वरात उपरोध मुळीच नव्हता, आणि म्हणूनच तो प्रश्न आम्हांला अधिक लागला.

हा कर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आला. त्याची जन्मकथा मात्र मोठी सुंदर आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे हात आमच्या पिढीने बालपणी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातूनच पाहिले. त्या काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यामागे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची तळमळ होती. कायदा १९७७ साली संमत झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून अमलात आला. मागेल त्याला काम, स्त्रीपुरुषांना सारखी मजुरी. आणि त्यासाठी पैसा कोठून आणायचा, तर शहरातील नियमित मिळकत असणाऱ्यांच्या पगारातून. नोकरदाराने दुष्काळी भावंडासाठी काढून ठेवलेला तो वाटा होता. पुढे २००५ साली केंद्र शासनानेही रोजगार हमीचा कायदा केला.

हेतू असा उदात्त, पण कराचा साचा कसा आहे पाहा. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला कमाल मर्यादा घातली आहे. पूर्वी ती वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. महिना दहा हजारांची रेषा ओलांडली की पुरुषाला दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, म्हणजे पूर्ण २,५०० द्यावे लागतात. त्यापुढे पगार कितीही वाढो, कर वाढत नाही. (स्त्रियांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंतच्या वेतनावर तो माफ आहे, ही एक चांगली गोष्ट झाली.) मावशींच्या मुलाची वर्षाची कमाई दीड लाख. त्याच्या दर शंभर रुपयांतून पावणेदोन रुपयांच्या आसपास जातात. महिना अडीच लाख मिळवणाऱ्या अधिकाऱ्याच्या हजारातून एक रुपयाही जात नाही. त्याच प्रमाणात त्याच्याकडून घ्यायचे म्हटले तर ते वर्षाला ५० हजार होतील. केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या पद्धतीनुसार १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही असे केले, त्याचा आमच्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबांना आनंद झाला, आम्हांलाही झाला. फौंड्रीतल्या मुलाच्या चिठ्ठीवरील दोनशे रुपये मात्र तिथेच आहेत.

आणि ही झाली दिसणारी कपात. न दिसणारी दुकानात होते. जुलै २०२२ पासून पाकीटबंद, छापील नावाच्या तांदूळ-पिठावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. परंतु २५ किलोंहून मोठ्या पोत्याला तो लागत नाही. पोते घेण्याइतकी रक्कम एकदम ज्याच्या हाती असते तो सुटतो, किलोचे पाकीट घेणारा भरतो. सुटे धान्य करमुक्त आहे हे खरे, पण वाण्याकडे सुटे दिवसेंदिवस कमी मिळते. अंगाच्या साबणावर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के कर होता, तो ५ वर आला. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के आहेच. या कराचा निम्मा भाग राज्याच्या तिजोरीत जातो आणि तेथूनच मावशींचे १,५०० रुपये निघतात. त्यांना मिळते ते त्यांनी दिलेल्यापेक्षा अधिक आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण राज्यावरील कर्ज २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ९ लाख कोटींच्या वर गेले आहे, आणि ते फेडणाऱ्यांत साबण विकत घेणारे सारेच असणार.

गुरुविद्यालयात असताना पोप तेविसावे जॉन यांचे १९६१ चे 'मातेर एत माजिस्त्रा' हे परिपत्रक आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. कराचा भार ज्याच्या त्याच्या कुवतीच्या प्रमाणात असावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. गुण चांगले मिळाले होते. निर्गमाच्या ग्रंथातील अर्ध्या शेकेलचा कर मात्र श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच होता. पण ते देवासमोर सर्वांचे जीव सारखे या अर्थाने. पगार सारखे असल्याचा दावा मोशेने कधी केला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही प्रवचनात आमचे ते वाक्य मागे घेतले. मावशी नेहमीच्या जागी, मागच्या खांबाजवळ होत्या. त्या वेळी पुढच्या बाकांवरील माना डोलल्या नाहीत, एक सद्गृहस्थ नंतर म्हणाले, "फादर, अर्थकारणात कशाला पडता?"

आमच्या शाळेच्या विनाअनुदानित वर्गांचे पगारपत्रक दरमहा सहीसाठी आमच्याकडे येते. आजवर आम्ही शेवटची बेरीज पाहून सही करीत असू. या फेब्रुवारीत प्रथमच ओळ न् ओळ वाचली. मुख्याध्यापकांच्या नावापुढे ३००. खाली शिपायाच्या नावापुढेही ३००. आम्ही लेखनिकाला चूक झाली काय असे विचारले. "नाही फादर, बरोबर आहे," तो म्हणाला, आणि त्याने सहीची जागा बोटाने दाखवली.