गुलाबपाणी आणि तेलाची कुपी

बेळगावकडील थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना त्या दिवसांत लहान मुलांच्या गालांची काय दशा होते हे सांगावयास नको. डिसेंबर उजाडला की गाल खरखरीत होतात, ओठ उलतात आणि घरातील वडीलधाऱ्यांना मलमाची आठवण होते. आमच्या घरी हे मलम पूर्वापार एकाच रीतीने होत आले आहे. मधमाश्यांचे मेण आणि खोबरेल मंद आचेवर पातळ करावयाचे, खाली उतरवून घोटीत राहावयाचे आणि त्यात कोमट गुलाबपाणी थेंबाथेंबाने सोडावयाचे. दुसऱ्या शतकात रोम येथे वैद्यकी करणाऱ्या गॅलेन नामक ग्रीक वैद्याच्या नावावर जे थंड मलम सांगितले जाते, तेही मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाब यांचेच. आमच्या आजीला गॅलेन ठाऊक नव्हता. तिचे मलम मात्र उत्तम होत असे.

दोन वर्षांपूर्वी हे काम आम्ही हौसेने आपल्याकडे घेतले. सूनबाईंनी शहरातून गवती चहाच्या तेलाची लहानशी कुपी आणली होती. दुकानदार ज्यास ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणतात, त्यांपैकी ती. आमच्या मनात आले, गुलाबपाणी म्हणजे शेवटी पाणीच. त्यापेक्षा हा निखळ अर्क का घालू नये? वाटीभर मलमात आम्ही पाऊण चमचा तेल सढळ हाताने ओतले. घरभर सुवास दरवळला. रात्री नातवाच्या गालांस मलम लावले आणि अर्ध्या तासाच्या आत पोर रडू लागले. गाल लालबुंद झाले होते. आम्ही घाबरून पाण्याने धुऊ लागलो. पण तेल पाण्याने निघते थोडेच! अखेर त्याच्या आजीने साध्या खोबरेलाने गाल पुसून काढले व मग साबणाने हलकेच धुतले. लाली उतरावयास चार दिवस लागले. त्या चार दिवसांत सूनबाई आम्हांला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

चूक कोठे झाली हे समजून घेण्याच्या खटपटीस आम्ही त्यानंतर लागलो. गोव्याकडील वाचकांना काजूची भट्टी परिचित आहे. भाणात रस उकळतो, वाफ लावणीत जाते आणि गार होऊन थेंबाथेंबाने साठते. फुलापानांचेही तसेच. त्यांतून वाफ नेली की ती सुगंधी द्रव्ये बरोबर घेऊन येते. गार झाल्यावर तिचे दोन भाग होतात. वर तेलाचा पातळसा थर आणि खाली सुवासिक पाणी. हल्ली या पाण्यास ‘हायड्रोसोल’ म्हणतात. आपले गुलाबपाणी ते हेच. त्यात तेलाचा अंश सामान्यतः हजारात एक भागाहूनही कमी असतो. उलट, १ किलो गुलाबतेलासाठी सुमारे ३ ते ५ हजार किलो फुले लागतात. म्हणजे कुपीतील एका थेंबात किती फुले कोंबलेली असतात याचा हिशेब वाचकांनीच करावा. शिवाय पाणी म्हणजे नुसता उरलेला गाळ नव्हे. गुलाबाच्या वासातील एक प्रमुख द्रव्य पाण्यात सहज विरघळते. ते तेलाऐवजी बहुतांशी पाण्यातच राहते. म्हणून गुलाबपाण्याचा वास ताज्या फुलाच्या अधिक जवळचा वाटतो.

कुपीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे छापलेले होते, आणि आम्ही त्यावर विसंबलो. बिब्बाही नैसर्गिकच आहे!

तेल वापरूच नये असे आमचे म्हणणे नाही. २० थेंब म्हणजे साधारण १ मिलिलिटर; १०० मिलिलिटर खोबरेलात तेवढे मिसळले तर १ टक्का होतो. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यासही एवढे पुष्कळ, आणि गवती चहासारख्या झणझणीत तेलास त्याहूनही कमी हवे. आम्ही याच्या जवळजवळ चौपट घातले होते, तेही लहान मुलासाठी. सालीतून दाबून काढलेले लिंबाचे तेल लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते, हेही आम्हांला तेव्हाच कळले.

पाण्याचे दोष निराळे आहेत. ते लवकर नासते. घरी काढलेले गुलाबपाणी स्वच्छ बाटलीत, थंड जागी ठेवून आठवड्याभरात संपवावे. त्यात तंतू किंवा गढूळपणा दिसला की फेकून द्यावे. मलमातूनही ते काही दिवसांनी पाझरून वेगळे होते, म्हणून मलम थोडेथोडेच करावे. बाजारातील गुलाबी रंगाचे पाणी पाहून भुलू नये. वाफेवर काढलेले गुलाबपाणी रंगहीन असते. आणि सुवासिक पाणीही एखाद्याच्या कातडीस सोसत नाही. तेव्हा प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. आम्ही आता प्रथम आपल्याच हातावर लावतो.

ती कुपी अजून फडताळात आहे. फरशी पुसावयाच्या पाण्यात तिचे दोनतीन थेंब पडतात, एवढाच तिचा उपयोग. गेल्या डिसेंबरात मलमाचे काम पुन्हा आजीकडे गेले. डबी घेऊन ती जवळ आली की नातू दोन्ही गाल हातांनी झाकून आधी विचारतो, “पाण्याचं की तेलाचं?”