अवधूतांचा उजेड

आमच्या धामणगाव बढ्यात ‘संत तुकाराम’ दाखवला की म्हाताऱ्या बाया पडद्याला हात जोडायच्या. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस त्यांच्या लेखी नट नव्हतेच. सप्त्यात मीही तो सिनेमा पाहिला तो तुकोबांसाठी, आणि त्याहून जास्त शेवटी आभाळातून येणाऱ्या गरुडासाठी.

पुढे पुण्यात शिकताना तो पुन्हा पाहिला, तेव्हा नामावलीतलं एक नाव मनात रुतलं. छायालेखक व्ही. अवधूत. १९३६ सालचा हा प्रभातचा सिनेमा, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. पुढच्याच वर्षी इटलीत, व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्या गौरवात अवधूतांच्या कॅमेऱ्याचा वाटा मोठा आहे असं मी मानतो.

तुकोबांची बायको जिजाई, तिचाच प्रसंग घ्या. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात. ती वहाण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. जिजाई झालेल्या गौरीबाईंचा तो संताप कॅमेरा सरळ, समोरून बघतो. त्यांना देखणं करायला जात नाही की दीनवाणंही करत नाही. आणि जो साधेपणा जिजाईच्या वाट्याला, तोच चमत्काराच्याही. देव आला म्हणून वेगळा झगमगाट नाही. शेतातलं ऊन खरं वाटतं, म्हणून गरुडही खरा वाटतो. बायांचे हात आपोआप जोडले जात ते यामुळे.

त्याच अवधूतांनी ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘माणूस’ (१९३९) चित्रित केले. भक्तिपटानंतर लगेच जरठ-विवाहात कोंडलेल्या मुलीचं घर, मग पोलीस गणपत आणि मैनेच्या रात्री. किती लांबचा पल्ला!

इटलीचे छायालेखक विट्टोरिओ स्टोरारो यांचं कामही मी आवडीने पाहिलंय. सिनेमाचं यंत्र चालवणाऱ्याचा हा मुलगा. ‘अपोकॅलिप्स नाऊ’, ‘रेड्स’ आणि ‘द लास्ट एम्परर’ यांसाठी तीन ऑस्कर. कोणता रंग कशासाठी, यावर त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिले. त्यांचा उजेड डोळे दिपवतो. अवधूतांचा उजेड मात्र मला तुकोबांच्या घरात नेऊन बसवतो, आणि मला तो जास्त जवळचा आहे.

भाचा मोताळ्याकडच्या लग्नांचं शूटिंग करतो. मध्यंतरी त्याला आवाज बंद करून ‘तुकाराम’ दाखवला. जिजाईपाशी त्याने थांबवायला लावलं. “मामा, इथं लाइट कुठून मारला असंल?”

मग आम्ही दोघं तिच्या चेहऱ्यावरच्या सावल्या शोधत बसलो.