जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

जुनी वस्तु बाळगणाऱ्या मनुष्याकडे जग दोन दृष्टींनीं पाहतें: एक तर त्यास रसिक समजतें, नाहीं तर कंजूष. आमच्यापाशीं १९९० सालची अँबॅसडर मोटार आहे आणि आमच्याविषयीं वर्ध्यांत हीं दोन्ही मतें प्रचलित आहेत. पैकीं एकाहि पदवीस आम्ही पात्र नाहीं. एखादी वस्तु निकामी झाली हें ठरविण्याची एक रीत असते, ती पुरी होईतों निर्णय देऊं नये, एवढाच आमचा आग्रह. त्या रीतीचा एक अनुभव नुकताच आला, तो वाचकांपुढें ठेवतों.

या गाडीचें कूळ मोठें आहे. इंग्लंडांतील 'मॉरिस ऑक्सफर्ड' मोटारीची तिसरी आवृत्ति हिंदुस्थान मोटर्सनें बंगालमधील उत्तरपाडा येथें बनवावयास घेतली व तिला अँबॅसडर हें नांव दिलें. २०१४ च्या मे महिन्यांत तें काम थांबलें. वर्ध्यास 'ऑक्सफर्ड' हा शब्द मात्र आधींपासूनच परिचित होता. शेठ जमनालाल बजाज यांच्याकडील एका फोर्ड मोटारीस बैल जुंपीत, आणि बैलास इंग्रजींत 'ऑक्स' म्हणतात म्हणून तिला विनोदानें 'ऑक्सफर्ड' म्हणत, अशी आठवण सेवाग्रामच्या जुन्या मंडळींत सांगितली जाते. आमच्या ऑक्सफर्डलाहि बैल शोधण्याची पाळी येणार कीं काय, अशी शंका २०२५ च्या अखेरीस उत्पन्न झाली. सकाळीं ती खोकत सुरू होई, उभी असतां थरथरे आणि सेवाग्रामच्या आठ किलोमीटरांत दोनदां दम खाई. किलोमीटरांच्या तबकडीवर पांचच आंकडे असल्यामुळें लाखाचा पल्ला गाठतांच ती शून्यावर येते; अशीं शून्यें किती झालीं याची मोजदाद आम्हीं केव्हांच सोडली आहे.

नेमकी त्याच वेळीं तिच्या नोंदणीची मुदत संपत आली. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी होऊन तिचें नूतनीकरण करावें लागतें. वीस वर्षांवरील मोटारींसाठीं हें शुल्क ऑगस्ट २०२५ मध्यें १०,००० रुपये झालें. "एवढ्या पैशांत भंगारवाल्याला वर बक्षीस देतां येईल," असें आमचे चिरंजीव म्हणाले. तीर्थरूपांनीं घेतलेली गाडी म्हणून आमचें मन ओढ घेत होतें. परंतु केवळ मन ओढतें म्हणून रस्त्यावर धूर सोडीत हिंडण्याचा हक्क कोणास पोंचत नाहीं, हेंहि आम्हांस पटत होतें. तेव्हां पक्षपात न करतां इंजिनाचीच साक्ष काढावी असें ठरलें.

आमचे मिस्त्री वयानें या गाडीहून बरेच वडील आहेत. पान्हा उचलण्यापूर्वीं त्यांनीं एकच ताकीद दिली: "भाऊ, कार्ब्युरेटरले हात शेवटी लावाचा. बाकीच्यायच्या खोड्या त्याच्याच नावावर खपतात." याचें मर्म असें कीं, कार्ब्युरेटरचा स्क्रू वरच असतो, स्क्रूड्रायव्हर तेथें सहज पोंचतो, म्हणून उतावळा मनुष्य तेथूनच आरंभ करतो, आणि खालचा दोष तसाच राहून वर पेट्रोल मात्र अधिक जळूं लागतें.

पहिली परीक्षा दाबाची. चारही प्लग काढून, थ्रॉटल पुरा उघडून, एकेका सिलिंडरांत इंजिन किती दाब धरतें तें गेजनें मोजलें. तिघांचे आंकडे १२० च्या आसपास आले; तिसऱ्याचा ८५. आंकडा मोठा असण्यापेक्षां चौघांचा मेळ असणें महत्त्वाचें, आणि येथें तो नव्हता. मग तिसऱ्या सिलिंडरांत चमचाभर ऑइल सोडून पुनः मोजलें. ऑइलनें दाब वाढला असता तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असें ठरतें, कारण ऑइल तेवढ्यापुरती फट बुजवितें. दाब वाढला नाहीं. संशय वाल्ववर आला.

या इंजिनाचे आठ वाल्व तपासण्यास नऊचा नियम आहे. आठवा पुरा दबला असतां पहिल्याची फट मोजावी, सातवा दबला असतां दुसऱ्याची. दोहोंची बेरीज नेहमीं नऊ. चौथा दाबून पांचव्यापाशीं, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरच्या धूर सोडणाऱ्या वाल्वपाशीं, आलों, तों तेथें फटच उरली नव्हती. त्यामुळें वाल्व आपल्या बैठकीवर नीट टेकतच नव्हता. कारणहि जुनेंच निघालें. पूर्वीं पेट्रोलांत शिसें असे, त्याचा पातळ थर या बैठकींचें रक्षण करी. २००० सालीं शिशाचें पेट्रोल बंद झालें, तें लोकांच्या आरोग्यासाठीं योग्यच झालें. परंतु तेव्हांपासून जुन्या बिडाच्या हेडांतील बैठकी हळूहळू झिजून खोल जातात व फट मिटत जाते. टॅपेट जुळवून पुनः दाब मोजला, तो ११० भरला.

पुढचें काम ठिणगीचें. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट जळून खडबडीत झाले होते; ते व कंडेन्सर नवे घातले आणि अंतर ०.०१५ इंच ठेवलें. प्लगांचें अंतर ०.०२५ इंच केलें. पॉइंटांचें अंतर बदललें कीं ठिणगीची वेळ बदलते. म्हणून आधीं अंतर, मग वेळ, हा क्रम उलटा करून चालत नाहीं. वर्ध्याच्या उन्हाळ्याची धूळ प्यालेला एअर फिल्टर बदलला. अखेरीस कार्ब्युरेटरची पाळी आली. हल्लींच्या पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल असतें. त्याच्या अंगीं प्राणवायु असल्यामुळें जुनें मिश्रण पातळ पडतें, आणि रबरी नळ्याहि फुगतात. नळ्या बदलून स्क्रू थोडासा फिरविला, आणि थरथर थांबली. त्या वयाच्या मोटारीस धुरांत शेंकडा ३ पर्यंत कार्बन मोनॉक्साइड क्षम्य आहे. आमचा आंकडा दोहोंच्या आंत आला.

चरख्यावर बसलेल्या मनुष्यास यांत नवल वाटणार नाहीं. चाती किंचित् वांकली कीं सूत तुटतें आणि नवशिका पेळूस दोष देतो. १९३८ सालीं उघडलेल्या मगन संग्रहालयांत चरखे पाहतांना आमच्या मनांत नेहमीं येतें कीं, यंत्र लहान असो वा मोठें, झीज आणि बेजुळणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. झीज परत भरून येत नाहीं. बेजुळणी एका सकाळीं निघून जाते. दोहोंचीं लक्षणें मात्र बाहेरून सारखींच दिसतात: तोच खोकला, तीच थरथर. वय दिसलें कीं आपण सगळेंच झिजेच्या खात्यांत टाकून मोकळे होतों. मोटारींच्या बाबतींत यानें थोडें लोखंडच वायां जातें; घरांतील वडील माणसांच्या बाबतींतहि आपण हाच हिशेब करतों, हें अधिक वाईट.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. जुळणीनें गाडी तरुण होत नाहीं. तिला धूर शुद्ध करणारें आधुनिक यंत्र नाहीं, सकाळीं पहिल्या ठिणगीस ती अजून निळसर धूर काढते, आणि ती झीज आहे. म्हणून आम्हीं १०,००० रुपये भरले, पण तिचें काम कमी केलें: महिन्यांतून चार वेळां सेवाग्राम, क्वचित् पवनारला धामच्या कांठीं, आणि दर वर्षीं पावसाळ्यानंतर पुनः दाबाची परीक्षा. ज्या वर्षीं चमचाभर ऑइल घालतांच आंकडा वर चढेल, त्या वर्षीं चिरंजीवांचें म्हणणें आम्ही विनातक्रार मान्य करूं.