नवा रकाना

पन्नाशी उलटली कीं माणूस हिशेबी होतो. मी सायकलच्या फेऱ्यांची वही ठेवतों. वर्षाचा संकल्प तीन हजार किलोमीटरांचा. रात्रीं आंकडा मांडतांना जें समाधान वाटतें, तें पगार हातीं पडतांनाहि वाटत नाहीं!

यंदा ही बेरीज मुरबाडच्या रस्त्यानें सिद्धगडाच्या पायथ्याशीं पोंचली. २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल आणि हिराजी पाटील येथल्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. विजेचे मनोरे पाडणारे हे वीर या डोंगरांतून किती हिंडले असतील! त्या वाटचालीची वही कोणीं ठेविली नाहीं. आंकडा पायांची ताकद सांगतो. पाय कशासाठीं झिजले, हें सांगत नाहीं. माझ्या वहींत आतां एक नवा रकाना आहे : ‘कशासाठीं?’ तो भरणें मात्र तीन हजार किलोमीटरांहून अवघड आहे.