वाकता येईल असं

नर्सिंगचा निकाल लागला, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडलं, की मुलींचे फोन यायला लागतात. आधी खुशाली विचारतात, कुठली मैत्रीण कुठे लागली ते सांगतात, आणि मग आवाज जरा खाली आणून मुद्द्यावर येतात. "मॅडम, इंटरव्ह्यूला काय घालू?" साडी नेसू का? ड्रेस चालेल का? पांढरा बरा की रंगीत? सिव्हिलची थेट मुलाखत असो नाहीतर पुण्यातल्या काचेच्या इमारतीतलं मोठं हॉस्पिटल, प्रश्न तोच असतो आणि त्यामागची धडधडही तीच.

घरात कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं, मार्क बघतात, कपड्यांना कोण विचारतं. मला तसं वाटत नाही. दवाखान्यात कपडा हा कामाचाच भाग आहे. आजारी माणूस उताणा पडलेला असतो. त्याच्यावर जी बाई वाकते तिचं जे दिसतं, जे टोचतं, ज्याचा वास येतो, ते सगळं त्याला सोसावं लागतं; कूस बदलून तोंड फिरवायचंही त्याच्या हातात नसतं. त्याला जे सोसावं लागणार ते मुलाखत घेणाऱ्यांनी आधी बघून घेतलं, तर त्यात वावगं काही नाही.

म्हणून मी मुलींना रंग सांगत नाही. मी सांगते, जे घालणार आहेस ते अंगावर चढव आणि आरशासमोर वाक. चांगली कमरेतून वाक, हात लांब कर, कॉटच्या पलीकडच्या कडेची चादर खोचायची आहे असं समज. मग बघ. ओढणी सुटून पुढे येते का, गळा उघडा पडतो का, कुर्ता मागून वर चढतो का, काखेत शिवण ताणते का. ताठ उभं राहिलं की सगळंच अंगाला शोभतं. आपली ड्युटी मात्र वाकण्यात जाते. बेडपॅन देताना, स्पंजिंग करताना, सलाईनसाठी शीर शोधताना, युरिनची पिशवी रिकामी करताना, कॉटखाली सरकलेली चप्पल म्हातारबाबांच्या पायात घालताना.

ओढणी घ्यायची तर दोन्ही खांद्यांना पिन लावून घ्यावी. तिचं टोक ड्रेसिंगच्या ट्रेला लागलं की तो ट्रे गेला; सगळं पुन्हा निर्जंतुक आणून पहिल्यापासून मांडावं लागतं आणि जखम उघडी टाकून पेशंट वाट बघत राहतो. साडीबद्दल मला फार माया आहे. माझ्या आधीच्या कितीतरी सिस्टरांनी साडीत बाळंतपणं केली, नाईट काढल्या, धावतपळत स्ट्रेचर ढकलले. रोजची सवय असेल तर साडी जरूर नेसावी, पदर नीट पिनअप करावा. पण सेंडऑफला एकदा आणि मावसबहिणीच्या लग्नाला एकदा, एवढीच नेसली असेल, तर मुलाखतीच्या खुर्चीत बसल्यावर अर्धं लक्ष निऱ्यांकडे राहतं. विचारतात इन्सुलिनचं, आणि मुलगी चाचपत असते कमरेची पिन.

खरा कठीण भाग मनगटापाशी येतो. लग्न होऊन महिना-दोन महिने झालेली मुलगी येते, कोपरापर्यंत हिरवा चुडा. सासूबाईंनी बजावलेलं असतं, वाढवायचा नाही म्हणून. बोटात साखरपुड्याची अंगठी, तिच्यावर उभा खडा. या मुलीला "काढून टाक" असं फटकन सांगायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्या बांगड्यांत तिच्या आईचं रडणंही असतं. पण सांगावं लागतं. हात धुताना अंगठीखाली ओल राहते, ओलीत जंतू राहतात. बांगडीमुळे मनगट चोळून धुतलंच जात नाही. काच पिचली तर नवजात बाळाच्या कातडीला काय होईल, ते सांगायलाही नको. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये जाहीर केलं की पेशंटला हात लावणाऱ्याच्या कोपराखाली बाही नको, घड्याळ नको, दागिना नको; फार तर एक साधी वळ्याची अंगठी. आपल्याकडची कितीतरी पोरं-पोरी तिकडे नोकरीला जातात, त्यांना पहिल्याच दिवशी हा नियम ऐकवतात. मी मुलींना म्हणते, सासूबाईंना आपल्या दवाखान्यात एकदा घेऊन ये, लहान बाळांचा वॉर्ड काचेतून दाखव आणि तिथेच विषय काढ. बऱ्याच जणी ऐकतात. मंगळसूत्र आखूड असेल तर कपड्याच्या आत ठेवावं. लांब असेल तर वाकल्यावर ते थेट पेशंटच्या तोंडावर येतं. त्या दिवसापुरतं आखूड घालावं.

कपड्यांचा हा विचार वैद्यकाला सुचायला बराच काळ गेला. फिलाडेल्फियाच्या टॉमस ईकिन्स या चित्रकाराची दोन मोठी चित्रं आहेत, दोन्ही शस्त्रक्रियेची. १८७५ च्या चित्रात डॉ. ग्रॉस काळ्या लांब कोटात उभे आहेत, हात रक्ताने माखलेला, हाताखालचे डॉक्टरही काळ्या कोटांत, घरून आले तसे. जंतूंमुळे जखम सडते हे सर्जन लिस्टर यांनी १८६७ मध्येच लिहिलं होतं, आणि या चित्राच्या पुढच्याच वर्षी, १८७६ ला, ते त्याच शहरात येऊन बोललेही. तरी कोट बदलायला वेळ लागला. १८८९ च्या चित्रात डॉ. अॅग्न्यू आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या कपड्यांत आहेत. माझी नजर मात्र दर वेळी चित्रांमधल्या बायकांवर जाते. पहिल्यात एकच बाई, बहुधा पेशंटची आई, हातांनी तोंड झाकून आक्रसून बसलेली. दुसऱ्यात एक नर्स उभी आहे, टोपी आणि एप्रन घातलेली, ताठ, डोळे पेशंटवर. चौदा वर्षांत तेवढं घडलं.

आणि बरोबर या दोन चित्रांच्या मधल्या काळात आपल्या आनंदीबाई जोशी त्या शहरात शिकत होत्या. १८८३ मध्ये गेल्या, ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या. काय घालायचं हा प्रश्न त्यांच्याइतका कुणाला पडला असेल? इथे लोकांनी त्यावरून जीव नकोसा केलेला, तिथे हाडं गोठवणारी थंडी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्या तिथे पायघोळ गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. देशी वेशातच राहीन हा शब्द पाळला आणि थंडीचं म्हणणंही ऐकलं. १८८५ मधला त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबुली आणि आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डाची जागा त्यांना मिळाली होती. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, वयाची बावीस पुरी व्हायच्या आत. साडी की ड्रेस, असं एखादी मुलगी विचारते तेव्हा मला हा फोटो आठवतो. कामाला उपयोगी पडेल एवढाच बदल करायचा आणि बाकी आपण जशा आहोत तशा उभं राहायचं, हे त्या वीस वर्षांच्या मुलीला कळलं होतं.

बाकीचं थोडक्यात सांगते. सेंट नको, गजराही नको. केमो चालू असलेल्या बाईला मोगऱ्यानेसुद्धा मळमळतं, दम्याच्या माणसाला अत्तराने धाप लागते. नखं कापलेली, नेलपॉलिश काढलेली. गडद नेलपॉलिश असलं की बोटाला लावलेला ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो, म्हणून ऑपरेशनआधी पेशंटचं आपणच पुसून घेतो. चप्पल-बूट वाजणारे नकोत. रात्री दोनला कॉरिडॉरमधून टॉकटॉक टाचा वाजल्या की जेमतेम डोळा लागलेला माणूस जागा होतो. केस घट्ट बांधलेले. मुलांनी टाय लावला नाही तरी चालेल, दाढी नीट हवी, बाही कोपराच्या वर जायला हवी. आणि सेकंदकाट्याचं घड्याळ हवं, मुलगा असो की मुलगी. नाडी घड्याळावर मोजतात. वॉर्डात घालायचं ते छातीला उलटं लावायचं असतं, मनगट मोकळं ठेवायला. मुलाखतीला पर्समध्ये असलं तरी चालेल, पण मागितल्यावर निघालं पाहिजे. मोबाईल काढणाऱ्या मुलीला मी मनातल्या मनात एक मार्क कमी द्यायचे.

आता टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्यांबद्दल. एका हॉस्पिटलात मला मुलाखती घ्यायला बोलावलं होतं. एक मुलगी धडगावकडून रात्रीच्या एसटीने आली होती. स्टँडवरच्या बाथरूममध्ये कपडे बदललेले. कुर्ता स्वच्छ धुतलेला, पण पिशवीत घडी करून आणल्यामुळे छातीवर आडव्या सुरकुत्या होत्या. ओढणी दोन्ही खांद्यांना टाचलेली, आणि जिथे पिन होती तिथे कापडावर गंजाचा बारीक पिवळा डाग. रोज त्याच जागी पिन लावत असणार. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी ती बसायच्या आत कागदावर लिहिलं, "प्रेझेंटेबल नाही."

मी तिला म्हटलं, सरांचं बीपी घेऊन दाखव. ती उठली आणि आधी विचारलं, "हात कुठे धुऊ?" दिवसभरात हे विचारणारी ती पहिली. सरांनी फुलशर्टाची बाही वर गुंडाळायला घेतली, तर म्हणाली, "सर, गुंडाळलेली बाही दंडाला आवळते, रीडिंग चुकेल. हात बाहेर काढता का?" मग त्यांचा हात टेबलावर फाईल ठेवून छातीच्या पातळीला आणला, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर कफ बांधला, आणि वाकली. ओढणी जागची हलली नाही. कुर्ता वर चढला नाही. मनगटात काहीसुद्धा नव्हतं. तिचे कपडे माझ्या दृष्टीने शंभर टक्के योग्य होते.

तिला तिथे घेतलं नाही. मी बरंच भांडले, उपयोग झाला नाही. ते मला अजून सलतं.

नंदुरबार, गडचिरोली, यवतमाळहून येणाऱ्या मुलींकडे चांगला ड्रेस एकच असतो, कधी तोही मैत्रिणीचा. त्यांना रिसेप्शनवरच्या मुलींशेजारी उभं करून मोजणं हा अन्याय आहे. धुतलेलं आहे का, नखं बघा, केस बघा, हातांकडे बघा. इस्त्री बघायचीच असेल तर आधी मुलगी कुठून, कुठल्या गाडीने आली ते विचारा. आणि मुलाखतीला बोलावणाऱ्या प्रत्येक ठिकाणी एक खोली, एक आरसा, वाहतं पाणी आणि एक इस्त्री एवढं ठेवायला कितीसा खर्च येतो?

मुलींना शेवटी एकच काम सांगते, आणि त्यासाठी टेलरकडे जायला लावते. कुर्त्याला खिसे लावून घे, दोन्ही बाजूंना, चांगले हातभर खोल नसले तरी मूठ जाईल इतके. बायकांच्या कुर्त्याला खिसा कशाला, असं तो म्हणेल, फिटिंग बिघडेल म्हणेल. बिघडू दे. त्यात पेन राहतं, कात्री राहते, चिकटपट्टीची गुंडाळी राहते, डोळ्याची बाहुली बघायचा छोटा टॉर्च राहतो. वाकल्यावर त्यातलं काही खाली पडत नाही ना, ते टेलरच्या दुकानातच बघून घे, आणि मगच पैसे दे.