चवीला पाय फुटतात तेव्हा

इंडोनेशियात कुठल्याही शहरात उतरलं, की चार पावलांवर पदांगची खानावळ सापडते. दर्शनी काचेमागे बशांवर बशा रचलेल्या असतात. आत जाऊन बसलं की काही मागायच्या आधीच दहा-बारा बशा पुढ्यात येतात, आणि उठताना ज्यांना हात लावला तेवढ्यांचेच पैसे द्यायचे. पदांग हे सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं शहर. तिथल्या मिनांगकबाऊ समाजात घर आणि शेत आईकडून मुलीकडे जातं, आणि वयात आलेल्या मुलानं परमुलखात जाऊन नशीब काढायचं, अशी जुनी रीत आहे. हे मुलगे निघाले ते रेन्दांग घेऊन. नारळाच्या दुधात, गलंगल, गवती चहा नि हळदीच्या पानांसकट मांस तासन्‌तास शिजवायचं. दूध आटून तेल सुटेपर्यंत, तेलही मुरून मांस काळपट होईपर्यंत. असं रेन्दांग आठवड्यांवर टिकतं. बाहेर पडणारी माणसं आणि टिकणारा पदार्थ असे दोघे एकत्र आले, आणि एका प्रांताची चव सगळ्या देशाची झाली.

या खानावळींत जेवताना मला त्यांच्या चवीपेक्षा त्यांच्या असण्याचंच नवल वाटायचं. पुढे नवेगाव बांधला जाणं झालं, तेव्हा त्या नवलाची उलटी बाजू दिसली.

मराठी वाचकाला नवेगाव बांध ठाऊक आहे ते मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे. म्हणजे पक्ष्यांमुळे, जंगलामुळे. १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे व्याघ्रप्रकल्प झाला. पण या सगळ्याच्या मुळाशी एक तलाव आहे, आणि तो शेतीसाठी बांधलेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधली जागा बांध घालून अडवली आणि सुमारे अकरा चौरस किलोमीटरचं पाणी उभं केलं. सभोवतालच्या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात. कोहळी समाजानं बांधलेले असे लहानमोठे तलाव भंडारा-गोंदिया भागात गावोगाव आहेत, आणि त्यांच्या पाण्यावर धान होतं. झाडीपट्टीचं, म्हणजे या भागाचं, सगळं खाणंपिणं या पाण्यातून आणि भोवतालच्या रानातून येतं. पण सडकेवरच्या हॉटेलांच्या फळ्यावर मला त्यातलं काही दिसलं नाही. चिकन होतं, अंडाकरी होती, पनीर होतं, चाऊमीन होतं. तलाव फर्लांगभरावर आणि फळ्यावर मासळीचं नाव नाही!

मग जे फळ्यावर नाही ते आहे कुठे? ते महिन्यामहिन्यांत विखुरलेलं आहे. पहिल्या पावसानंतर बांधावर तरोटा उगवतो. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. मागोमाग कुरडू येतो. पावसाळ्यातच वारुळांवर सात्या फुटतात. ही अळंबी एकदोन दिवसांचीच. सकाळी काढली की दुपारी रांधायची. बांबूच्या बेटांत कोंब वर येतात, त्यांना इथे वास्ते म्हणतात. ते बारीक चिरून, उकळून, कडूपणा काढून खायचे. पाऊस ओसरला की तलावात शिंगाडे तयार होतात. पाणथळ कडेला देवधान हा रानटी भात आपोआप येतो. मासळीत मरळ मानाची. धान कापणीला आलं की दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटकं रंगतात, आणि नव्या तांदळाच्या पिठाचे आयते होतात. होळीच्या सुमारास पहाटे मोहफुलं गळू लागतात. यातलं कुठलंच बाराही महिने मिळत नाही, आणि बहुतेक गोष्टी आठवड्याच्या बाजारापलीकडे जात नाहीत. हॉटेलवाल्याला रोज तेच लागतं. म्हणून तो नागपूरहून येणारा माल घेतो. त्याचं फार चुकतं असंही नाही.

पण नुसतं नाशवंत असणं हे कारण पुरत नाही. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर सेमारांग हे शहर आहे. तिथला लुम्पिया नावाचा गुंडाळीसारखा पदार्थ देशभर गाजलेला, आणि त्याच्या पोटात काय भरतात? बांबूचे कोंब. म्हणजे आपले वास्तेच. सेमारांगहून परतणारा माणूस घरच्यांसाठी लुम्पियाचा पुडा नेतो. योग्यकर्तात कोवळा फणस ताडगूळ आणि नारळाच्या दुधात रात्रभर शिजवून गुदेग करतात. त्याला तांबूस रंग यावा म्हणून सागाची पानं घालतात. सागाची पानं नवेगावच्या रानात काय कमी आहेत? तिकडे रानातल्या वस्तूंना शहरानं आपलं म्हटलं. आपल्याकडे त्या रानातच राहिल्या.

शिवाय झाडीपट्टीत टिकणारं अन्नही भरपूर आहे. वाळवलेले झिंगे वर्षभर राहतात. वांग्यात घातले की दुसरा मसाला लागत नाही. मोहफुलं वाळवून साठवतात. आणि लाखोरी तर डाळच. धानाचं पीक उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोरीचं बी फेकून द्यायचं, नांगर नाही की पाणी नाही. धान कापलं की खालून लाखोरी वर येते. कोवळेपणी पाल्याची भाजी, पुढे डाळ, डाळीचे वडे. टिकाऊपणा हवा होता तर तो इथे होता. मग यांना पाय का फुटले नाहीत?

कारण या तिन्हींवर गरिबीचा शिक्का होता. झिंग्यांना वास येतो म्हणून ते बामणा-वाण्यांच्या घरात शिरले नाहीत. मोहाचं नाव निघालं की लोकांना दारू आठवते. भाकर नि लाडू आठवत नाहीत. लाखोरीचं तर याहून वाईट झालं. दुष्काळात दुसरं काहीच नसताना महिनोन्‌महिने नुसती लाखोरी खाणाऱ्या माणसांचे पाय लुळे पडत; तिच्यातल्या एका विषारी द्रव्याचा तो परिणाम. १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. खरं तर डाळ भिजवून, उकळून ते पाणी टाकलं की विष बरंच उतरतं, आणि भातासोबत इतर अन्न पोटात जात असेल तर धोका फारच कमी होतो. नागपूरचे शांतिलाल कोठारी वर्षानुवर्षं ही बंदी उठवण्यासाठी लढले, त्यासाठी त्यांनी उपोषणंही केली. महाराष्ट्रानं बंदी उठवली ती २००८ मध्ये. तोवर जवळजवळ दोन पिढ्यांना कळून चुकलं होतं, की आपण रोज खातो ते चारचौघांत सांगण्याजोगं नाही.

इंडोनेशियातही नेमकं हेच घडलं होतं. टेम्पे म्हणजे सोयाबीन उकडून, बुरशी लावून, पानांत बांधून आंबवलेली वडी; जावातल्या गरिबांचं मांस. स्वातंत्र्यानंतर राष्ट्राध्यक्ष सुकर्णो आपल्या लोकांना बजावत, की टेम्पेसारखं मऊ, लेचंपेचं राष्ट्र होऊ नका. नारळाच्या चोथ्यापासून होणारा टेम्पेचा एक भाऊबंद, बोंगक्रेक, तर विषारी निघून माणसं दगावत. त्याच्यावर १९८८ मध्ये बंदी आली. तरी टेम्पे मागे पडला नाही. बोंगक्रेकचं पाप सोयाबीनच्या टेम्पेच्या माथी कुणी मारलं नाही, आणि आज तो जगभरच्या दुकानांत मिळतो. विशेष म्हणजे त्याच सुकर्णोंच्या सरकारनं बेटोबेटीच्या पाककृती गोळा करवल्या आणि १९६७ मध्ये ‘मुस्तिका रासा’ हा सोळाशेंहून अधिक पाककृतींचा ग्रंथ निघाला. राष्ट्र उभं करताना आपल्याकडे काय शिजतं याची वही मांडणं हेही सरकारी काम आहे, असं कुणालातरी वाटलं होतं.

तसं पाहिलं तर पाय फुटलेल्या चवी नवेगावच्या आसपासही आहेत. फक्त त्या बाहेरून आलेल्या. गोठणगावजवळ १९७२ पासून निर्वासित तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिथे थुक्पा आणि मोमो होतात. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगरकडे पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं वसली. त्यांची मासळी मोहरीच्या वाटणात शिजते. ज्यांचं घरदार सुटलं त्यांनी चव सोडली नाही, कारण सोबत नेता येण्याजोगी तीच होती. आणि ज्यांचे तलाव तिथेच आहेत, बांधी तिथेच आहेत, त्यांना चव वेगळी जपावी लागते हे जाणवलंच नाही.

एका ओळखीच्या घरी जेवायला बसलो होतो. ताटात पनीर होतं, पुऱ्या होत्या. स्वयंपाकघरातून मात्र झिंग्यांचा खमंग वास येत होता. मी काकूंना म्हटलं, ते काय शिजतंय ते वाढा ना. त्या ओशाळल्या. म्हणाल्या, “ते आमचं खानं आहे जी. तुमाले कसं देऊ?” बराच आग्रह केल्यावर एका द्रोणात झिंगे-वांगं आलं आणि वर भात. मी दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा घरातल्या धाकट्या मुलीनं आईकडे बघितलं. तिच्या नजरेत थोडी शंका होती: हा पाहुणा खरंच आवडीनं खातोय, की आपलं मन राखतोय?

त्या शंकेचं उत्तर प्रवाशाच्या हाती पूर्ण नाही. आम्ही चवीच्या शोधात निघणारी माणसंही धड नसतो. आज कौतुक करू, उद्या ‘झाडीपट्टी थाळी’ म्हणून तेच शहरात दुप्पट भावानं विकू, आणि मग बारा महिने वास्ते पाहिजेत म्हणून बांबूची बेटं ओरबाडू. रेन्दांगला पाय फुटले तरी चाललं, कारण नारळ कुठेही मिळतो. देवधानाचं तसं नाही. तलावात बेशरमचं रान माजलं की देवधान जातं, पाणवनस्पती जातात, आणि त्यांच्यात अंडी घालणारी देशी मासळीही जाते. रोहू-कटल्याचं बी सोडलं की मासळीचा आकडा वाढतो, पण चव एकसुरी होते. याच तालुक्यात ढिवर समाजाच्या बायांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून तलावांतलं बेशरम उपटलं आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांना कुठली पाककला वाचवायची नव्हती. मासळी हवी होती, पोटाला हवी होती. पण नवेगावच्या चवीसाठी इतकं मोठं काम कुठल्याही खानावळीनं केलेलं नाही.

म्हणून मला वाटतं, झाडीपट्टीच्या चवीनं पदांगसारखं देशभर हिंडलंच पाहिजे असं नाही. तिला एवढंच अंतर कापायचं आहे: चुलीपासून पाहुण्याच्या ताटापर्यंत. तेवढं साधलं तर हिवाळ्यात पक्षी बघायला येणारा माणूस पावसाळ्यात सात्यांसाठीही येईल. आणि नाही आला, तरी काकू ओशाळणार नाहीत.